बारीक जाळी, स्वस्तात: कोल्हापुरातल्या मॉडेलवाल्यांसाठी

मी पहिल्यांदा जाळी लावली ती १:८७ स्केलच्या, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान, डिझेल रेल्वे इंजिनाच्या मॉडेलला, आणि लावली ती खिडकीच्या डासांच्या जाळीचा तुकडा कापून. रंग दिला, वाळवलं, कपाटात काचेमागे ठेवलं. आठवीतला भाचा आला, नाक काचेला लावून बघितलं आणि म्हणाला, "मामा, इंजिनाला तुरुंगाचे गज का लावलेत?" कागद घेऊन हिशोब केला तेव्हा पोराचं बरोबर निघालं. डासांच्या जाळीचं एक घर साधारण दीड मिलिमीटरचं. त्याला ८७ ने गुणलं की खऱ्या इंजिनावर १३० मिलिमीटरचं, म्हणजे पाच इंचांचं भोक. त्यातून मांजर आत जाईल.

बाहेरून मागवायची तर जाळी मिळते. एचिंग केलेल्या, म्हणजे रसायनाने कोरलेल्या पितळी पत्र्याची, स्केलला अचूक, देखणी. पण पोस्टेज आणि कस्टम ड्युटी धरली की काडेपेटीएवढ्या तुकड्याला किटच्या अर्ध्या किमतीएवढे पैसे मोजावे लागतात, आणि पहिलाच काप वाकडा गेला की तेही पाण्यात. आपल्या जिल्ह्यात मात्र बारीक जाळीचा तुटवडा नाही. फाउंड्रीत वाळू चाळायला ती लागते, ड्रिपच्या फिल्टरमध्ये ती असते, लग्नपत्रिका छापणाऱ्याच्या चौकटीवर ती ताणलेली असते, साखर कारखान्यात साखर आणि मळी वेगळी करायला ती फिरते. फक्त प्रत्येक धंद्यात तिचं नाव वेगळं आणि मोजायची रीत वेगळी. दुकानात जाऊन "एकदम बारीक जाळी द्या" म्हणालात तर समोरचा डासांची जाळीच पुढे करणार. आकडा सांगितलात तर आत जाऊन दुसरा रोल घेऊन येतो. म्हणून घराबाहेर पडायच्या आधी आकडा.

आकडा कसा काढायचा

जाळीचा नंबर म्हणजे मेश. एका इंच लांबीत जितकी घरं बसतात तितका मेश. एक घर म्हणजे एक भोक आणि एक तार मिळून. २५.४ ला मेशने भागलं की एका घराची रुंदी मिलिमीटरमध्ये निघते: २० मेशला १.२७, ४० ला ०.६४, १०० ला ०.२५.

आता स्केल. यासाठी बरेच जण मिलिमीटरमध्ये मोजतात, स्केलने भागतात, मग पुन्हा मेशमध्ये बदलतात आणि मध्येच कुठेतरी चुकतात. त्यापेक्षा सोपं आहे: खऱ्या जाळीच्या एका इंचात जितकी घरं, त्याला स्केलच्या आकड्याने गुणा. येईल तो हवा असलेला मेश.

खऱ्या जाळीत इंचाला एक घर असेल तर स्केलचा आकडा हाच मेश. १:३५ ला ३५, १:८७ ला ८७. मोकळ्या प्लॉटच्या कुंपणाची दोन इंची जाळी असेल तर इंचात अर्धं घर, म्हणून १:३५ ला १७-१८ मेश. म्हणजे माझ्या इंजिनावर फसलेली डासांची जाळी इथे तंतोतंत बसते. फक्त ४५ अंशांत फिरवून लावायची. बांधकामावर वाळू चाळायची चाळण घ्या. इंचाला सहा घरं असलेली असेल तर १:३५ ला २१० मेश. हंगामात उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्याकडेला उभे असतातच. "मॉडेल करतोय, पुढची जाळी मोजू का" असं विचारलं तर अजून कोणी नाही म्हटलेलं नाही, उलट ड्रायव्हर मामा बोनेट उघडून इंजिनही दाखवतात. मी मोजली तिच्यात इंचाला चार घरं होती. १:२४ ला ९६, म्हणजे १०० मेश घ्या आणि निवांत राहा.

खरी वस्तू हाताशी नसेल तर फोटोवरून मोजता येतं. फोटो समोरून काढलेला हवा, तिरका नको, आणि त्यात माहीत असलेलं एक माप हवं. डब्ल्यूडीएम-२ या डिझेल रेल्वे इंजिनाचं नवं चाक १०९२ मिलिमीटर व्यासाचं असतं. समजा फोटोत ते चाक २१० पिक्सेलचं आहे, तर एक पिक्सेल ५.२ मिलिमीटरचा. जाळीची २० घरं १०० पिक्सेलमध्ये बसत असतील तर ती ५२० मिलिमीटरमध्ये बसली, म्हणजे एक घर २६ मिलिमीटरचं, इंचाला एक. एका घरावर मोजमाप करू नका, निदान वीस घरं मोजा. चूक विसात वाटली जाते.

गणित कधीकधी ३५० किंवा ६०० मेश सांगतं. तेव्हा घाबरून जायचं कारण नाही. माणसाचा डोळा फूटभर अंतरावरून, म्हणजे तीसेक सेंटिमीटरवरून, साधारण ०.०९ मिलिमीटरच्या खालचं वेगळं ओळखत नाही. एक तार आणि एक भोक वेगळं दिसायला त्याच्या दुप्पट जागा लागते. तो हिशोब १५० मेशच्या आसपास येतो. त्याच्या वर सगळं एकसारखं, झिरझिरीत कापडासारखं दिसतं. त्यामुळे उत्तर १५० च्या पुढे गेलं की २०० मेशच्या आसपासचं जे स्वस्त मिळेल ते घ्यायचं. हे कळायला मला दोन वर्षं लागली आणि तोवर मी ३०० मेशच्या मागे उगाच पायपीट केली.

मेश जुळला तरी जाळी चुकीची दिसू शकते, आणि त्याला कारण तारेची जाडी. इंची जाळीत ३ मिलिमीटरची तार असेल तर खऱ्या जाळीचा जवळपास ७८ टक्के भाग मोकळा असतो. बाजारातल्या ४० मेशमध्ये तार ०.२ मिलिमीटरची असेल तर मोकळा भाग ४७ टक्के, आणि ०.२५ ची असेल तर फक्त ३७ टक्के. म्हणजे स्केलची जाळी नेहमी खऱ्यापेक्षा दाट, काळपट दिसणार. त्यामुळे दोन तुकड्यांत निवड करायची वेळ आली तर मी मेशकडे थोडं दुर्लक्ष करून बारीक तारेचा तुकडा घेतो. मेशमध्ये वीस टक्के इकडेतिकडे कोणाच्या लक्षात येत नाही, जाड तार मात्र दारातून दिसते.

हातातला तुकडा मोजायचा कसा

इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्यांकडे एक घडीचं छोटं भिंग असतं, पिक ग्लास म्हणतात. खाली एक इंचाची चौकट, वर भिंग. कापडाच्या इंचात किती पिकं, म्हणजे आडवे धागे, बसली ते मोजायला ते वापरतात. आपल्याला नेमकं तेच हवंय: जाळीवर ठेवायचं, घरं मोजायची, मेश मिळाला. यंत्रमागाचं सामान विकणाऱ्याकडे मिळतं. या छंदात मी केलेली ही सगळ्यात उपयोगाची खरेदी.

ते नसेल तर घरच्या किंवा झेरॉक्सवाल्याच्या स्कॅनरवर जाळी काळ्या कागदाखाली ठेवून १२०० डीपीआयला स्कॅन करा. १२०० पिक्सेल म्हणजे एक इंच. पाव इंच, म्हणजे ३०० पिक्सेल, मोठे करून त्यातली घरं मोजायची आणि चारने गुणायचं. दोन्ही दिशांनी मोजा. काही जाळ्यांत उभ्या आणि आडव्या तारा सारख्या नसतात, आणि ते दुकानात डोळ्याला कळत नाही.

दुकानात जाताना खिशात भिंग, छोटी पोलादी पट्टी, काळ्या कार्डाचा तुकडा आणि आधी मोजलेल्या जाळ्यांचे नमुने ठेवा. नमुना दाखवून "याच्यापेक्षा दुप्पट बारीक" म्हटलेलं कोणत्याही दुकानदाराला पटकन समजतं.

विणीची जात

सगळी जाळी विणलेली नसते. तारा एकमेकींवरून खालून जातात ती विणलेली, आणि आपल्याला स्वस्तात मिळणारं बहुतेक सगळं या जातीचं. खऱ्या कुंपणाची वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्ड करून जोडलेली जाळी, सपाट असते. तिची नक्कल करायची तर विणलेल्या जाळीला दोन सपाट पोलादी तुकड्यांमध्ये धरून व्हाइसमध्ये दाबलं की वीण बरीच बसते. भोकं पाडलेला पत्रा १:४८ पेक्षा लहान मॉडेलवर कोणी ओळखत नाही, विणलेली जाळी खुशाल लावा. कोंबड्यांच्या खुराड्याची सहा कोनांची जाळी मात्र चौकोनी जाळीने जमत नाही, तिथे कापड बाजार गाठावा लागतो.

उरली लांबट चौकटीची जाळी, शंकरपाळ्यासारखी. विणलेली जाळी दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांत धरून हळूहळू ओढली की चौकोन झुकून शंकरपाळे होतात. पितळी जाळी ओढलेल्या आकारात तशीच राहते. कापडाची जाळी लाकडी चौकटीवर ओढलेल्या अवस्थेत टाचण्यांनी पक्की करून त्यावर पातळ लॅकरचा फवारा मारावा लागतो, नाहीतर सोडली की परत चौकोन.

कुठे शोधायची

सुरुवात स्वयंपाकघरातून, पण घरच्यांना विचारून. चहाच्या स्टीलच्या गाळणीत २० ते ४० मेशमधलं काहीही सापडतं. गाळणी वाटीसारखी दाबलेली असते, त्यामुळे कडेची घरं ताणलेली आणि वाकडी असतात. उपयोगी पडतो तो तळाचा रुपयाएवढा भाग. दुहेरी जाळीची गाळणी असेल तर बाहेरची जाड आणि आतली बारीक, दोन्ही वेगळ्या कामाला येतात. मोठा सपाट तुकडा हवा असेल तर मैद्याची चाळणी घ्या, तिची जाळी सपाट ताणलेली असते. नळाच्या तोटीतला फवारा उघडला तर आत गोल जाळीच्या एक-दोन चकत्या निघतात. क्षाराने भरलेल्या असतील तर रात्रभर व्हिनेगरमध्ये टाका. चकती छोटी, पण पंख्यावरची गोल जाळी करायची असेल तर कापायचंही काम वाचतं. दाढीच्या जुन्या इलेक्ट्रिक मशीनची पातळ जाळी, मोबाइल दुरुस्तीवाल्याच्या डब्यातली स्पीकरवरची जाळी, पिरॅमिडच्या आकाराच्या चहाच्या पिशव्यांचं पारदर्शक नायलॉन, हे सगळं फुकटात जमा होतं.

स्क्रीन प्रिंटिंगचं कापड हा माझा सगळ्यात आवडता माल. लग्नपत्रिका, पिशव्या, टी-शर्ट छापणारे लाकडी किंवा ॲल्युमिनियमच्या चौकटीवर पॉलिस्टरची जाळी ताणतात. तार म्हणजे एकेरी धागा, गुळगुळीत आणि एकसारखा, चौकोन अचूक. इथे नंबराचा घोळ लक्षात ठेवा: काही रोलवर इंचाचा आकडा असतो, काहींवर सेंटिमीटरचा आणि पुढे 'टी' अक्षर. ४३टी म्हणजे सेंटिमीटरला ४३ धागे. २.५४ ने गुणा, १०९ मेश. ७७टी म्हणजे १९५ च्या आसपास, आपल्या वाळूच्या चाळणीला चालतंच. मी एकदा ७७ मेश समजून ७७टी घेऊन आलो आणि आठवडाभर गणित कुठे चुकलं ते शोधत बसलो.

स्क्रीनचं कापड विकणाऱ्याकडे मीटरचा भाव चांगलाच असतो, पण चौकट ताणताना कडेचे चार बोटांचे पट्टे कापून टाकले जातात. ते मागा. छपाईवाल्याकडे फाटलेल्या स्क्रीनही पडून असतात. त्या घेताना कापड उजेडासमोर धरा. घरांत वाळलेलं इमल्शन, म्हणजे छपाईसाठी जाळीवर लावलेला लेप, असेल तर ते सहज निघत नाही. एकाने मला मोठ्या मनाने पाच स्क्रीन दिल्या, त्यातल्या चारांवर जुन्या वर-वधूंची नावं कायमची छापलेली होती. कोरे पट्टे मिळत असतील तर तेच घ्या.

पुढचा थांबा उद्यमनगर. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, या सगळ्या पट्ट्यात फाउंड्र्या आणि मशीन शॉप आहेत, आणि त्यांना लागणारी स्टील आणि पितळेची जाळी विकणारी दुकानं त्यांच्या आसपासच. इथे मेशची भाषा सरळ चालते. पण रोल तीन-चार फूट रुंद असतो, आणि दुकानदार फुटापेक्षा कमी कापायला कुरकुरतो. शेवटचा तुकडा, रोलची दबलेली कड, कापाकापीतला उरलेला माल विचारा. शक्यतो गर्दीच्या वेळी जाऊ नका. दुपारी जेवणानंतर गेलात तर काका निवांत असतात आणि कोपऱ्यातली पेटी उघडतात. पितळ आणि स्टील दोन्ही मिळत असेल तर डोळे झाकून पितळ घ्या. ते वाकतं, सोल्डर होतं, कात्रीने कापतं. स्टील यातलं एकही काम मुकाट्याने करत नाही.

फाउंड्रीतल्या वाळू तपासायच्या चाळण्या हा खरा खजिना. वाळूचा कण किती बारीक ते पाहायला गोल पितळी चाळण्यांची उतरंड वापरतात, आणि चाळणीच्या कडेवर भोकाचं माप मायक्रोनमध्ये कोरलेलं असतं. मेशशी ताळमेळ असा: ८५० मायक्रोन म्हणजे २० मेश, ४२५ म्हणजे ४०, २५० म्हणजे ६०, १५० म्हणजे १००, आणि ७५ म्हणजे २००. जाळीला जराशी चीर गेली की चाचणीसाठी ती चाळणी बाद. आपल्याला त्या चिरेच्या दोन्ही बाजूंचा तुकडा पुरतो. ओळखीचं कोणी फाउंड्रीत असेल तर आजच फोन करा.

त्याच फाउंड्रीत साच्यात धातू ओतताना कचरा अडवायला काचतंतूची फिल्टर जाळी वापरतात, घरं दीड-दोन मिलिमीटरची. १:२४ ला दोन इंची कुंपण करायला बरी. कापताना हातमोजे आणि तोंडाला मास्क हवाच, काचेचे तंतू कातडीत शिरले की दोन दिवस खाजवत बसाल.

शेतीच्या दुकानांकडे मॉडेलवाले सहसा फिरकत नाहीत, आणि चुकतात. ड्रिपच्या स्क्रीन फिल्टरच्या आत स्टीलच्या जाळीचं नळकांडं असतं, बहुधा १२० मेशचं. क्षाराने कायमचं जाम झालं की शेतकरी ते बदलतो आणि जुनं बांधावर पडतं. सौम्य आम्लात स्वच्छ केलं तर एका नळकांड्यात कितीतरी रेडिएटर निघतात. पॉलिहाऊसला लावतात ती कीटक अडवणारी जाळी ४० किंवा ५० मेश म्हणून विकली जाते. शिरोळकडे फुलांची पॉलिहाऊस आहेत, तिथे कापलेल्या पट्ट्यांना तोटा नाही. पण आकड्यावर विसंबू नका, या जाळीत घरं बहुतेक वेळा लांबट असतात, एका दिशेला ५० तर दुसऱ्या दिशेला निम्मी. शिवाय ती पॉलिथिनची असते आणि त्याचा त्रास पुढे चिकटवताना होतो.

साखर कारखान्याच्या भंगारात कधी सेंट्रिफ्यूगल मशीनची जाळी दिसली तर एक तुकडा नक्की घ्या. सतत चालणाऱ्या मशीनमधली निकेलची असते, वर क्रोमचा मुलामा आणि लांबट फटी, रुंदी मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी. चौकोनी घरं नाहीत, पण उभ्या फटींच्या हवाझरोक्यांना १:३५ ला हिच्यासारखं काही नाही. कापायला पत्र्याची कात्री लागते आणि कड धारदार निघते.

कापडासाठी गांधीनगर किंवा महाद्वार रोड. गांधीनगरला भाव कमी, पण घाऊक बाजार, तिथे पाव मीटर मागितलं तर तुमच्याकडे बघत राहतात. (गांधीनगरच्या जागी वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती, मग सिंधी कुटुंबं आली आणि बाजार उभा राहिला. त्या बराकींचं मॉडेल कोणीतरी मनावर घ्यायला हवं.) महाद्वार रोडला पाव मीटर नेट हसतमुखाने कापून देतात. परकराच्या घेराला लावतात ती कडक नेट आणि ओढणीची मऊ नेट, दोन्ही बघा. घरं सहा कोनी असतात, खुराड्याच्या जाळीसारखी. मऊ नेटचं घर एक मिलिमीटरच्या जवळ सापडलं तर १:२४ ची इंची जाळी तयार. ऑर्गंझा म्हणजे झिरझिरीत, एकेरी धाग्याची वीण. पडदा, मच्छरदाणी, खिडकीची जाळी यांना १:३५ ला तोच वापरा. रंग काळा किंवा करडा घ्या, पांढऱ्याला रंग देताना घरं बुजतात. लग्नात भेटवस्तूंबरोबर मिळणाऱ्या ऑर्गंझाच्या पोटल्या घरात पडलेल्या असतील तर तेवढाही खर्च नको.

आणि काहीच सापडलं नाही तर मोटर रिवाइंडिंगवाला. शेतीपंपांमुळे आपल्याकडे गावागावात एक दुकान आहेच. मुलामा दिलेली तांब्याची तार गेजवर मिळते: ३६ गेज ०.१९ मिलिमीटर, ४० गेज ०.१२, ४४ गेज ०.०८. जळालेल्या मोटरची मोकळी केलेली तार घेऊ नका, ती ठिसूळ झालेली असते. नव्या रिळाची चार हात मागा. कुंपणाची जाळी हाताने करायची तर तार पातळ पोलादी पट्टीवर तिरकी गुंडाळून सपाट मळसूत्र करायचं, आणि एक मळसूत्र दुसऱ्यात फिरवत नेऊन अडकवायचं. खरी जाळीही मशीनवर अशीच होते. १:२४ ला जमतं. १:३५ ला मी एकदा केलं, दोन इंचाला चार रात्री लागल्या. फाटकाच्या एका झडपेसाठी ठीक आहे, कंपाउंडसाठी डासांची जाळी.

ती कशाची आहे ते ओळखा

धातूची की कापडाची हे दिसतं, पण कापडात नायलॉन, पॉलिस्टर की पॉलिथिन हे दिसत नाही, आणि गोंद त्यावर ठरतो. पेल्यात पाणी घ्या, त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका म्हणजे तुकडा नुसत्या पृष्ठताणावर तरंगणार नाही. तुकडा बोटाने बुडवून बुडबुडे झटका आणि सोडा. नायलॉन आणि पॉलिस्टर तळाला जातात, पॉलिथिन वर येतं. वर आलेल्या तुकड्याला फेविक्विक धरत नाही, कितीही लावा. त्याला चौकटीत चिमटून बसवावं लागतं.

कापणं

जाळी कापताना कडेच्या तारा सुटतात आणि टेबलभर पसरतात, पुढे त्या पायात घुसतात. जिथे कापायचं त्या रेषेवर दोन्ही बाजूंनी मास्किंग टेप लावा, टेपवरच पेन्सिलने आखा आणि टेपसकट कापा. टेप काढताना कडेकडून आत ओढा. दुसरा मार्ग, कापायच्या रेषेवर फेविक्विकचा अगदी बारीक थेंब टाचणीने फिरवून वाळू द्या, मग कापा, कड पक्की राहते. बारीक पितळी जाळी चांगल्या कात्रीने जाते. स्टीलसाठी स्वयंपाकघरातली कात्री घेऊ नका, तिची धार जाते आणि मग घरात शांतता राहत नाही. कापडाची जाळी जुन्या टाइलवर ठेवून नव्या ब्लेडने. चष्मा घाला, सुटलेली तार डोळ्याकडे कशी येते ते दिसत नाही.

काप नेहमी एका तारेला धरून. काप तिरका गेला की चौकटीत बसवल्यावर घरं उतरती दिसतात आणि मग कुठलाही रंग ते लपवत नाही. भिंगातून बघत कडेची एक तार टाचणीने ओढून काढली की तिची मोकळी जागा हीच कापायची सरळ रेषा.

आकार देणं

पितळी जाळीला वळण द्यायचं असेल तर आधी मऊ करा. गॅसच्या ज्योतीवरून चिमट्यात धरून झरझर फिरवायची, मंद लाल झाली न झाली की बाजूला. एका जागी धरलीत तर बारीक तार वितळून भोक पडतं. ती मऊ झाली की लाकडाच्या साच्यावर बोटाने दाबली तरी बसते. फुगीर जाळी करायची तर साचा जाळीच्या मापाचाच कोरा आणि वरून रबराचा तुकडा ठेवून दाबा, बोटाने दाबलं तर बोटाचा ठसा उमटतो. गॅसवर स्टील मऊ होईल या आशेवर राहू नका. ते काळं पडतं आणि तसंच ताठ राहतं. कापडाला गरम करून वळवायचा प्रयत्न मी सोडून दिलाय, चौकटीवर ताणणंच बरं.

चिकटवणं

इथे सगळ्यांचीच एकदा तरी फजिती होते. पातळ फेविक्विक जाळीच्या कडेला लावलं की केशाकर्षणाने ते आत पळतं आणि तीन रांगांची घरं भरून टाकतं. त्यावर उपाय म्हणजे चौकट दुहेरी करणं: दोन पातळ प्लास्टिकच्या चौकटी, मध्ये जाळी, गोंद फक्त चौकटींना. पॉलिथिनलाही हाच मार्ग. चौकट एकेरीच हवी असेल तर जाडसर जेल प्रकारचा सुपरग्लू टाचणीच्या टोकाने चार कोपऱ्यांना लावा, आणि उरलेली कड पाणी घातलेल्या फेविकॉलने. फेविकॉल घरांत गेला तर ओल्या ब्रशने निघतो, फेविक्विक निघत नाही.

पितळी जाळी पितळी चौकटीला सोल्डर केली तर पिढ्यान्‌पिढ्या टिकते. आधी चिंच आणि मीठ लावून पितळ घासा, धुवा, वाळवा. चौकटीला आधी कथलाचा पातळ थर द्या, जाळी वर ठेवा आणि सोल्डरिंग आयर्न वरून दाबा. वरून कथील टाकलंत तर घरं भरली म्हणून समजा. गुजरीतून सोनारांचा टाकणखार आणायचा मोह होईल; तो लाल तापणाऱ्या डागकामासाठी असतो, आपल्या सोल्डरिंग आयर्नच्या उष्णतेला तो वितळतही नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातली सोल्डरिंगची पेस्ट वापरा.

रंग

शक्य असेल तर जाळी बसवायच्या आधी रंगवा. मागच्या बाजूला काळा रंग असेल तर जाळी आपोआप खोल दिसते, म्हणून आतला भाग आधी मॅट काळा करून घ्या. ब्रशने रंग दिला की घरं बुजणारच. स्प्रे कॅन असेल तर एका फुटावरून, एकाच दिशेने, अगदी पातळ हात, आणि प्रत्येक हातानंतर उलट बाजूने कोल्ड्रिंकच्या स्ट्रॉने फुंकर. एअरब्रश असेल तर नुसती हवा मारली तरी पुरते. पितळेला आधी प्रायमर लागतोच, नाहीतर नखाने रंग सुटतो. एखादं घर तरीही बुजलंच तर रंग वाळायच्या आत ४० गेजच्या तारेने मोकळं करा, वाळल्यावर टोचलं तर आजूबाजूचा रंगही उपटून येतो.

गंज आणि धूळ मी शेवटी कोरड्या रंगपुडीने देतो. पातळ वॉश, म्हणजे पाण्यासारखा केलेला रंग, जाळीवर टाकला की तो घरांत पडदा धरून बसतो आणि वाळल्यावर चकाकतो. वॉशच द्यायचा असेल तर लगेच कागदी रुमाल मागून टेकवा.

उरलेले तुकडे टाकू नका. मी शाळेची जुनी वही केलीय, पानाला एक तुकडा टेपने चिकटवलेला, खाली मेश, तारेची जाडी, कशाचं आहे आणि कुठून आणलं ते. शेजारी एका उभ्या रकान्यात १:२४, १:३५, १:७२, १:८७ ला त्याचं खरं माप किती होतं ते इंचात. १०० मेशच्या पानावर १:८७ समोर पाऊण इंचाच्या जरा वर लिहिलंय, आणि त्या पानाचा अर्धा तुकडा आता कपाटातल्या त्या इंजिनावर बसलाय.